भांडी रोजच्यासारखीच धुतली होती

३ मार्च

चिमटीस,

आजीकडून आशीर्वाद. ठेवून घ्यायचे की तसेच परत पाठवायचे ते तुझं तू बघ, मी पाठवायचं काम केलं.

अक्षर बघून दचकू नकोस. या वयात मी शाळेत गेलेले नाही. हे अक्षर आमच्या भाडेकरणीचं. दोन वर्षं तुझ्या खोलीत राहते. तुझा पलंग, तुझं टेबल आणि टेबलाचा तो लंगडा पाय, सगळं तिनं जसंच्या तसं ठेवलंय. पीएचडी करते, चौथं वर्ष. तू करत होतीस त्याच लॅबमध्ये, त्याच सरांकडे. मी काही मुद्दाम शोधून आणली नाही. विद्यापीठाच्या फाटकावर खोलीची चिठ्ठी लावली, तर दुसरं कोण येणार, घोडेस्वार?

मी बोलते, ती लिहिते. मग तो कागद मी खालच्या शिंप्याकडे नेते आणि त्याच्याकडून वाचून घेते. माझं तोंड आणि तिचा हात एकाच दिशेनं चाललेत ना, ते कळायला नको? मागे दूधवाल्याच्या तक्रारीत मी सांगितलं होतं, "तुम्ही दूध विकता की पाणी ते एकदा ठरवा." शिंप्यानं वाचलं, "दुधाचा दर्जा समाधानकारक नाही." तेव्हापासून विश्वास उडालाय. ती आत्ता हसतेय आणि हेही लिहितेय.

आता काम. विद्यापीठानं एक नवी योजना काढलीय. दोन विद्यापीठांनी मिळून एक संशोधन करायचं, पैसे ते देणार, आणि त्यावर शिकणाऱ्या पोरांना फेलोशिप. पोरांनी सहा महिने इथे राहायचं, सहा महिने तिथे. एकट्यानं अर्ज केला तर उघडूनही बघत नाहीत. लग्नासारखंच म्हण, फक्त इथे भांडण आधी झालंय आणि बोलणी नंतर आहेत. सरांना जोडीदार हवाय. खडे, म्हणजे तुमचे ते स्फटिक, वाढवायचे इथे, आणि त्यांच्या पोटात काय दडलंय ते दाखवणारं यंत्र आहे तुझ्याकडे. सरांनी तुला दोनदा ईमेल पाठवली. तू उत्तर दिलं नाहीस. मला त्यात काही गैर वाटत नाही.

मी सरांसाठी लिहीत नाही. या पोरीची फेलोशिप जूनमध्ये संपते. योजना मिळाली तर ती आणि आणखी दोन जण पीएचडी पुरी करतील. नाही मिळाली तर ती गावी जाणार, चार वर्षांच्या सात वह्या ट्रंकेत घालून. अर्जाची शेवटची तारीख तीस एप्रिल. तुझी एक सही हवी. सही करायला तुला किती वेळ लागतो? माझा अंगठा तर शाई वाळायच्या आत होतो.

इथे भाडेकरणीचं पेन थांबलं. सर ज्या बाईंच्या उत्तराची वाट बघतायत ती माझी नात आहे, हे तिला आत्ता कळतंय. मी सांगितलं नव्हतं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं, तुला माहीत आहे.

तब्येत विचारत नाही. वर्षातून दोनदा फोनवर विचारते, तू "बरी" म्हणतेस आणि ठेवतेस. मीही बरी.

आजी


१७ मार्च

चिमटीस,

चौदा दिवस झाले. पत्र चार दिवसांत पोचतं, शिंप्यानं हिशेब करून सांगितलं. म्हणजे तुझ्याकडे दहा दिवस पडून आहे. पडू दे. जागा तुझी.

भाडेकरणीनं मला उभी तासली. "आजी, त्या तुमच्या नात, तर लॅबमध्ये कोणालाच कसं माहीत नाही? त्या काळातले लोक अजून आहेत तिथे." मग सांगावं लागलं.

तू एमएस्सी करून प्रवेशाचा फॉर्म भरायला बसलीस तेव्हा त्यात एक रकाना होता: या विभागात तुमचं कोणी नातेवाईक आहे का. तू म्हणालीस, "आजी, तू आहेस की." मी म्हटलं, "मी लॅबची भांडी धुते, मी कसली नातेवाईक. 'नाही' लिही. नाहीतर म्हणतील, धुणाऱ्या मावशीनं मागच्या दारानं आत घेतली." तू मागेपुढे करत होतीस. मी दटावलं. तू "नाही" लिहिलंस.

पाच वर्षं आपण घरातून दहा मिनिटांच्या अंतरानं निघत होतो. आधी मी, मग तू. तू मला सगळ्यांसारखं "मावशी" म्हणायचीस, आणि मी तुला "मॅडम" म्हणायचे. ते म्हणताना तुझे कान लाल व्हायचे, म्हणून मी जरा जास्तच म्हणायचे. आपल्या दोघींच्या डब्यात रोज एकच भाजी कशी, हे फक्त स्टोअरकीपरच्या लक्षात आलं होतं. त्याला मी सांगितलं, बाजारात स्वस्त असतं ते सगळेच घेतात.

हे ऐकून भाडेकरणीला गंमत वाटली. मग तिनं विचारलं, तू लॅब का सोडलीस. सर तिला एवढंच सांगतात, की पूर्वी एक मुलगी होती, तिचे खडे फक्त तिच्याच हातात यायचे.

मी सांगितलं ते असं. तेव्हाही अशीच दोन विद्यापीठांची योजना होती. बाहेरून चार जणांची समिती बघायला येणार होती. तू गुरुवारी खडे वाढायला द्राव ठेवलास. सोमवारी चहा घेऊन ते चौघे आले. बीकरात गुरुवारी होतं तेवढंच स्वच्छ पाणी. एकानं बीकर उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "छान धुतलाय." दुसरं काही म्हणण्यासारखं त्यात नव्हतंच. योजना गेली. मग सरांनी इतरांना ठेवायला लावलं, त्यांचेही आले नाहीत. तुझ्या वहीतली जुनी नोंद खरी कशावरून, असं म्हणाले. तू महिन्याच्या आत गेलीस. लिहून झालेले दोन धडे टाकून दुसरीकडे पहिल्यापासून सुरुवात केलीस, आणखी चार वर्षं घातलीस.

सरांनी त्या सोमवारी सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, "मावशी, भांडी रोजच्यासारखीच धुतली होती ना?" मी म्हटलं, "हो सर, रोजच्यासारखीच." ते खरंच होतं.

भाडेकरणीचेही येत नाहीत. सतरा वेळा ठेवले. काचेच्या दांडीनं आतून ओरखडलं तर येतात, पण वाळूसारखा चुरा. यंत्राला एकच मोठा, अखंड खडा लागतो. अर्जाला तसा एक तरी जोडावा लागणार.

सहीचं बघ.

आजी


२८ मार्च

चिमटीस,

एक झालंय, ते कळवते.

माझ्या फळीवर एक बीकर असतो, त्यात मी केसाच्या पिना ठेवते. नोकरी सुटायच्या आधी सरांनी जुनी काच सगळी भंगारात काढली होती, तेव्हा स्टोअरकीपरला विचारून मी डझनभर घरी आणली. गेल्या रविवारी भाडेकरणीला लॅबमध्ये एकही बीकर मोकळा मिळेना. द्राव तर तयार, वाया जाणार. तिनं माझ्या पिना ताटलीत ओतल्या, बीकर नेला आणि न विचारता वापरला. संध्याकाळी मी वेणी घालायला बसले तर बीकर गायब. मी तिला म्हटलं, भाडं वाढवते.

गुरुवारी ती धावत वर आली. जिन्यात तिची एक चप्पल राहिली होती. खडा आलाय. मक्याच्या दाण्याएवढा, एकच, कडेला, आरपार दिसणारा.

मग ती माझ्याकडे बघायला लागली. मीही तिच्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पिनांना तेल लागलेलं असतं, त्यानं आला असेल." ती म्हणाली, "आजी, मी तो बीकर तीनदा धुतला होता."

मला काय कळतं त्यातलं.

शिंप्यानं हे पत्र वाचताना शेवटच्या ओळीला मान हलवली. त्याला म्हटलं, तू वाच, मान हलवायला मी कापड टाकलेलं नाही.

आजी


२ एप्रिल

चिमटीस,

काल मी लॅबमध्ये गेले. सहा वर्षांनी. भाडेकरणीनं हाताला धरून नेलं, वाटेत सतरा वेळा "सावकाश" म्हणाली. तिला सतरा आकडा लागलाय.

माझ्या धुण्याच्या खोलीत आता यंत्र आहे. तोंड मिटून गुरगुरतं आणि वाफ सोडतं. दगडी सिंक काढून टाकलंय, लाकडी खुंट्या मात्र तशाच आहेत. त्यांवर कोणीतरी छत्री अडकवलीय.

सर म्हातारे झालेत. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर. समोर तो बीकर आणि खडा.

"मावशी, तुम्ही? बसा."

"बसत नाही. उठताना वेळ जातो."

"हा बीकर कुठला?"

"इथलाच. तुम्हीच भंगारात काढलेला."

"याच्यात आला. नव्यात का येत नाही?"

"नव्याला वाळू लागलेली नाही."

त्यांना कळलं नाही. मग मी सांगितलं. मी कामाला लागले तेव्हा विभागात धुण्याची पावडर यायची नाही. वर्षातले आठ महिने डबा रिकामा. मी मागे बांधकाम चाललं होतं तिथली वाळू आणायचे, फडक्यातून चाळायचे, पिठासारखी बारीक, आणि तिनं काच घासायचे. वीस वर्षं घासली. पावडर नियमानं यायला लागली तेव्हा नव्या काचेला पावडर, जुनीला सवयीनं वाळूच.

सरांनी बीकरात बोट घालून आतून फिरवलं. मग भिंग लावून बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाले, "नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत एवढे बारीक चरे आहेत. खड्याला पाय रोवायला जागा मिळते, आणि थोडीच मिळते, म्हणून एकच येतो." हे ते माझ्याशी बोलत होते की बीकराशी, कोण जाणे. "मी द्राव तपासला. पाणी तपासलं. खोलीचं तापमान सहा महिने लिहून ठेवलं."

"भांडं नाही तपासलंत."

"नाही."

"भांड्याकडे कोण बघतं, सर."

मग त्यांनी तेच विचारलं, ज्याला मी इतकी वर्षं बगल दिली. "त्या मुलीला नेहमी जुने बीकर मिळायचे?"

"नेहमी."

"तिलाच का?"

भाडेकरीण खिडकीबाहेर बघायला लागली. मी म्हटलं, "नवे बीकर पातळ. फुटला की तुम्ही पोरांकडून भरून घ्यायचात. तिच्याकडे कुठून येणार होतं? जुना जाड, हातातून पडला तरी टिकतो. माझी नात आहे ती."

सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. कपाळावरचा तसाच राहिला. "कोण?"

"नात. मुलीची मुलगी. मुलगी गेली, हिला मी वाढवली."

"आणि समिती आली त्या गुरुवारी?"

"पाहुणे येणार होते. चार लांबचे लोक येणार, आणि त्यांच्यापुढे डाग पडलेली, कडा झिजलेली भांडी मांडायची? मी खोक्यातली नवी काढली, तीनदा धुतली, पुसून लखलखीत केली आणि तिच्या टेबलावर ठेवली. तुमच्या घरी पाहुणे आले की काय करतात?"

सरांनी बीकर अलगद खाली ठेवला. मग म्हणाले, "माझ्या घरीही तेच करतात."

ते तुला पत्र लिहिणार म्हणाले. मी म्हटलं, तुमची पत्रं ती उघडत नाही, माझी उघडते की नाही तेही मला माहीत नाही. माफीचं तुमचं तुम्ही बघा. अर्जात लिहा. पहिल्या पानावर लिहा की तिची नोंद खरी होती. मला वाचता येत नाही, पण कागदावर असेल तेच लोक खरं मानतात, एवढं मला चाळीस वर्षांत कळलंय. माझं जे काय सांगणं आहे तेही उतरून घ्या, खाली अंगठा देते.

ते उतरून घेत होते. स्वतःच्या हातानं, भाडेकरणीला पेन न देता.

आजी


६ एप्रिल

चिमटीस,

हे पत्र मी शिंप्याकडे नेणार नाही. भाडेकरणीला सांगितलंय, तू लिहिशील ते बरोबर.

मागच्या पत्रावरून तुला वाटेल, म्हातारीला परवा कळलं, बिचारीला आधी काय माहीत असणार. सरांनाही तसंच वाटलं. मी वाटू दिलं. भाडेकरणीला मात्र वाटलं नाही, तिनं पिनांच्या वेळीच माझं तोंड बघितलं होतं.

मला तेव्हाच माहीत होतं. माहीत म्हणजे, जेवढं माझ्यासारखीला असू शकतं तेवढं.

तू बीकर वापरून ठेवायचीस, घासायचे मी. तुझ्या जुन्या बीकरांना आतून, पाण्याच्या रेघेवर, बारीक कण चिकटलेले असायचे. नखानं काढावे लागायचे, म्हणून मी ते रात्रभर भिजत घालायचे. इतरांच्या नव्या बीकरांना काही चिकटलेलं नसायचं, ते खळखळले की झालं. मधे दोनदा तुझे जुने ओले होते म्हणून तू नवे घेतलेस. तेही खळखळून झाले. म्हणजे त्या दोन्ही वेळा तुझ्याकडे काही आलं नव्हतं. तू वहीत "आज द्राव बिघडला" असं लिहिलं असशील. मी वही वाचत नाही. मी बीकर वाचते.

तरी त्या गुरुवारी मी नवे काढले. तेव्हा डोक्यात आलं नाही, शपथ घेऊन सांगते. पाहुणे एवढंच डोक्यात होतं. सोमवारी तो माणूस बीकर उजेडाकडे धरून उभा होता, तेव्हा आलं.

सरांनी विचारलं, रोजच्यासारखी धुतली ना. मी हो म्हटलं. धुतली रोजच्यासारखीच होती. भांडी रोजची नव्हती, ते कोणी विचारलं नाही. सहा वर्षं मी या वाक्यावर जगले. चांगलं टिकाऊ वाक्य आहे, जुन्या बीकरासारखं.

पण संध्याकाळी घरी तूही विचारलंस. टेबलाचा पाय हातानं धरून बसली होतीस. "आजी, तू काही वेगळं केलंस का?" सरांसारखं नाही विचारलंस. त्यात पळायला जागा नव्हती. मी म्हटलं, "नाही."

का, ते सांगते, मग तू काय ते ठरव. मी "जुने बीकर" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, तिलाच का. त्याचं उत्तर फॉर्मवरच्या त्या "नाही" पाशी जातं. ते खोटं मी तुझ्याकडून लिहवून घेतलं होतं. मला वाटलं, खडे न आल्याबद्दल फार तर रागावतील, पण खोटं लिहिल्याबद्दल काढून टाकतील. आणखी एक होतं. मला निवृत्तीला आठ महिने राहिले होते. ते दुसरं कारण मी पहिल्याच्या पाठीमागे लपवलं. आणि तिसरं असं, की मी सरांना काय सांगणार होते? तुमची एवढी यंत्रं चुकली आणि माझं नख बरोबर?

तीन दिवसांनी सांगू म्हटलं. मग सरांनी जुनी काच काढायला सांगितली, मग तू बॅग भरलीस. मग सांगायला समोर भिंत होती.

तू माझ्या निरोप समारंभाचं ऐकलंस आणि फोनवर म्हणालीस, "ज्यानं मला खोटी ठरवली त्याच्या हातून तू घड्याळ घेतलंस." घेतलं. ते भिंतीवर आहे, दहा मिनिटं पुढे जातं. मी दुरुस्त केलेलं नाही. आपण निघायचो ना, मी आधी आणि तू दहा मिनिटांनी. ते तेवढंच पुढे आहे.

भाडेकरणीसाठी सही कर किंवा नको करू, त्याचा आणि याचा संबंध लावू नकोस. हे मी सहीसाठी लिहीत नाहीये. तिला हे वाक्य लिहायला जड गेलं, पण लिहिलं.

आजी


१७ एप्रिल

चिमटीस,

तुझी चिठ्ठी पोचली. भाडेकरणीनं वाचली: "जुने बीकर किती उरलेत? कुठे ठेवलेस? कोणालाही धुऊ देऊ नकोस."

तीन वाक्यं. सहा वर्षांच्या फोनपेक्षा एक वाक्य जास्तच झालं. मी खाली नेली, शिंप्यानंही हेच वाचलं. तो म्हणाला, "नात तुमचीच, नमस्कार-बिमस्कार काही नाही."

उत्तर. बारा आणले होते. एक मी फोडला, मांजरावर रागावून. एक सरांकडे आहे, त्याला आता कुलपात ठेवतात म्हणे, तो भंगारातून आल्याचं त्याला आठवतही नसेल. उरले दहा. माझ्या पलंगाखाली खोक्यात आहेत. तुझा जुना पांढरा कोट तू दाराच्या मागे टाकून गेली होतीस, तो फाडून त्यात गुंडाळलेत. कोटाचे दहा तुकडे झाले. रागावू नकोस, बाह्यांवर डाग होते.

धुतलेले नाहीत, कोणाला हात लावू दिलेला नाही. पाच तुला पाठवू का? सर म्हणतात, तुझ्याकडेही वाढवून बघायला हवेत, दोन ठिकाणी आले तरच लोक मानतील. हेच त्यांनी सहा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं, असं मी म्हटलं. ते "हो" म्हणाले. आजकाल फार "हो" म्हणतात.

सहीबद्दल तू काही लिहिलेलं नाहीस. मीही काही विचारत नाही. भाडेकरणीनं तीन वह्या ट्रंकेत ठेवल्या, मग काल दोन परत काढल्या. तिचं काही ठरत नाही. मी तिला म्हटलं, ट्रंकेला तरी एकदाच काय ते सांग.

आजी


२८ एप्रिल

चिमटीस,

काल तुझ्याकडून अर्ज आला. चौतीस पानं. एवढ्यात तर शिंपी वर्षभराची मापं लिहितो.

भाडेकरणीनं आधी शेवटचं पान उलटलं आणि सही बघितली. मग खाली बसली, पाण्याचा तांब्या मागितला आणि प्यायली नाही. मग मला एकेक पान समजावून सांगायला लागली. तिची आणि त्या दोघांची नावं आहेत. सहा महिने इथे, सहा महिने तुझ्याकडे. पहिल्या पानावर सरांनी लिहिलंय की तेव्हाच्या विद्यार्थिनीच्या नोंदी खऱ्या होत्या आणि चूक विभागाची होती. चूक माझी होती, पण विभाग मोठा आहे, त्याला पेलेल. मागे माझं सांगणं जोडलंय, खाली अंगठा. अंगठा जरा वाकडा पडलाय, पण माझाच आहे.

ती वाचता वाचता नवव्या रकान्यापाशी थांबली. म्हणाली, "आजी, इथे विचारलंय, अर्जदाराचं दुसऱ्या विद्यापीठात आत्ता किंवा पूर्वी काम करणाऱ्या कोणाशी नातं आहे का. असल्यास काय."

"मग?"

"मॅडमनी लिहिलंय: होय. आजी."

मी म्हटलं, परत वाच. तिनं परत वाचलं. मी म्हटलं, बोट ठेवून दाखव. तिनं दाखवलं. दोन छोटे डाग, एक पहिला, एक दुसरा. मला त्यात काय दिसणार.

मी तो कागद घेतला आणि खाली गेले. भाडेकरीण मागून ओरडत होती, "आजी, तो उद्या जायचाय, दुमडू नका." शिंपी सदऱ्याची कॉलर शिवत होता. मशीन थांबवून त्यानं चष्मा लावला.

"कुठे वाचू?"

"नऊ आहे तिथे."

"होय. आजी."

"पुढे?"

"पुढे काही नाही. पुढे दहावा रकाना आहे."

"दुधाच्या अर्जासारखं गुळगुळीत करून सांगत नाहीस ना?"

"दोनच शब्द आहेत, बाई. त्यात काय गुळगुळीत करणार."

मग त्यानं मशीन सुरू केलं. मी थोडा वेळ तिथेच बसले. जिना चढायचा होता म्हणून.

पाच बीकर आज पार्सलनं पाठवलेत. पाच इथे. बाहेरून धुवायला हरकत नाही, आतून फक्त पाण्यानं खळखळ, साबण लावू नकोस. कडेला रेघ दिसेल, द्राव तिथपर्यंतच भर, खड्यांची सवय तिथली आहे. वाळू लागली तर कळव, चाळून पाठवते. भाडेकरणीनं ट्रंक माझ्या पलंगाखाली ढकललीय, आता तिथे खोक्याला जागा नाही.

अर्ज मंजूर झाला तर समिती पुन्हा बघायला येणार, ऑगस्टमध्ये. तूही येशील, असं सर म्हणाले. तू मला तसं काही कळवलेलं नाहीस, म्हणून मीही धरून चाललेली नाही. पण आलीस तर एक आत्ताच सांगून ठेवते. तुझ्यासाठी मी काही नवं काढणार नाही. रोजच्या ताटात जेवावं लागेल.

आजी